ऑनलाइन रोबोटिक्स क्लास (किटसकट): मुलगा नववीत, इंदूर

आम्ही रामबागेत राहतो. रोबोटिक्स आणि तेही ऑनलाइन, ही शंका घरात सगळ्यांनाच होती. किट कुरिअरनी घरी येतं, आर्डुइनो ऊनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बॅटरीचा करंट मोटरला देणारा बोर्ड), दोन बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर), आयआर म्हणजे इन्फ्रारेड आणि अल्ट्रासोनिक सेन्सर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पट्टी), वायरी. मोबाइल स्टँडवर उलटा लावून कॅमेरा थेट टेबलावर ठेवायला सांगतात, म्हणजे सरांना मुलाचे हात दिसतात, हे मला फारच आवडलं.

खरं शिकवणं कुठे दिसलं ते सांगते. किटमधून बनवलेली गाडी सुरू केली की मोटर जराशी फिरायची आणि बोर्ड रीसेट, परत सुरू, परत रीसेट. मुलगा कोडमध्ये शोधत बसला. सरांनी उत्तर दिलंच नाही, म्हणाले मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बॅटरीला लाव, मोटर चालू कर आणि आकडा मोठ्यानं वाच. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी होती, मोटर फिरली की आकडा धाडकन खाली. तेव्हा त्याचं त्यालाच कळलं की ही बॅटरी एवढा करंट देऊच शकत नाही, त्यात ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. १८६५०चे (चार्ज होणारे लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये लावले नि गाडी सुसाट! शेजारी बसलेल्या सरांनी हातातून गाडी घेऊन पटकन दुरुस्त करून दिली असती आणि हा नुसता बघत राहिला असता, इथे सरांचा हात पोचत नाही म्हणून सगळं यालाच करावं लागतं, माझ्या मते या क्लासची खरी कमाई हीच.

तसंच लाइन फॉलोअरचं, म्हणजे रेघ धरून चालणाऱ्या गाडीचं. हॉलमध्ये काळ्या टेपवरून छान चालायची, गॅलरीत दुपारी भरकटायची, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि सेन्सर गोंधळतो. सेन्सरवर पुठ्ठ्याची सावली करायचं त्याचं त्यानंच शोधलं.

तक्रारी आहेत. किटमध्ये मल्टिमीटर नाही, आम्ही महाराणी रोडवरून आणला. जम्पर वायरी अगदी हलक्या, सारख्या निसटतात. ती नऊ व्होल्टची बॅटरी द्यायचीच कशाला, सेल, होल्डर आणि चांगला चार्जर द्या, थोडे पैसे जास्त घ्या हवं तर. बॅच मोठी आहे, एकाचं सर्किट अडलं की बाकीचे ताटकळतात. किट उशिरा आलं तर तोवर टिंकरकॅडवर (कॉम्प्युटरवरच सर्किट जोडून बघायची वेबसाइट) सर्किट करायला लावा, ते फुकट आहे. आणि लिथियम सेल चार्जिंगला लावून मुलांना झोपू देऊ नका, हे क्लासनी पहिल्याच दिवशी आईवडिलांना बजावून सांगायला हवं होतं.