पार्किन्सन्ससाठी काठी, वॉकर, रोलेटर आणि कोल्हापुरी : पैसे कशावर घालावेत

घरात कुणाला पार्किन्सन्सचं निदान झालं की बहुतेक वेळा सगळ्यात आधी येतो तो ॲल्युमिनियमचा, चार पायांचा, चाकं नसलेला वॉकर. गल्लीत कुणाच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर तो पडून असतो, नाही तर सर्जिकल साहित्याच्या दुकानात तोच पहिल्यांदा पुढे केला जातो. हलका, घडीचा, स्वस्त. या आजारासाठी मिळणाऱ्या साधनांत आम्ही त्याला सगळ्यात खालचा नंबर देतो.

खुबा मोडलेल्या माणसाला पायावरचा भार हातांवर घ्यायचा असतो, त्याच्यासाठी हा वॉकर उत्तम. पार्किन्सन्समध्ये पायांची ताकद पुष्कळ दिवस शाबूत असते, बिघाड वर असतो. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा आहे. तिथल्या पेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करून मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटमला पुरवतात. या पेशी हळूहळू मरतात, उरलेल्यांत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे साठतात, आणि हाताची थरथर किंवा मंदपणा घरच्यांच्या नजरेस येईपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी संपलेल्या असतात. टंचाईचा पहिला फटका स्ट्रायटममधल्या प्युटामेन या भागाच्या मागच्या बाजूला बसतो. अंगवळणी पडलेल्या हालचाली इथून चालतात : चालताना हात झुलणं, पाऊल किती लांब पडावं, वळताना कुठला पाय आधी. म्हणून हा माणूस ठरवून, लक्ष देऊन लांब पाऊल टाकू शकतो. मात्र हातात चहाचा कप दिला किंवा मधेच काही विचारलं की लक्ष तिकडे जातं आणि पाऊल आखडतं. दाराच्या चौकटीत, वळणावर, पलंग आणि कपाटाच्या मधल्या बोळात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टर त्याला फ्रीझिंग म्हणतात.

आता तो बिनचाकी वॉकर बघा. उचला, पुढे ठेवा, एक पाय, दुसरा पाय, पुन्हा उचला. प्रत्येक पावलाला थांबणं आणि नव्याने सुरू करणं, म्हणजे मेंदूला नेमकं जे जमत नाही तेच दर दोन पावलांनी करायला लावायचं. त्याने फ्रीझिंग वाढतं. दुसरा धोका मोठा आहे. या आजारात तोल मागे जाण्याची खोड असते आणि वॉकर उचलण्याच्या क्षणी हातात जमिनीला टेकलेलं काहीच नसतं. माणूस वॉकरसकट मागे कोसळतो.

चार छोट्या पायांची काठी दुकानात स्वतःच्या पायावर उभी राहते, त्यामुळे भक्कम वाटते. तिचे चारही पाय एकदम टेकले तरच ती स्थिर. घसटत चालणाऱ्या माणसाकडून ते होत नाही. दोन पाय टेकतात, दोन अधांतरी राहतात, काठी डुगडुगते आणि तिच्या पसरट बुडात स्वतःचाच पाय अडकतो. घेऊ नका.

साधी एकपायी काठी चालते, पण कुणासाठी? एका अंगाला जास्त त्रास आहे, फ्रीझिंग फारसं नाही, बाहेर पडताना धीर हवा आहे, अशांसाठी. उंची मोजताना माणसाला नेहमीच्या पादत्राणात सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगटाच्या घडीच्या रेषेत मूठ यावी, कोपर किंचित वाकलेला राहावा. पार्किन्सन्सचा माणूस आधीच पुढे झुकलेला असतो, म्हणून मोजमाप त्या वाकलेल्या अवस्थेत घेतलं की काठी आखूड पडते आणि ती त्याला आणखी वाकवते. गोल वाकड्या मुठीपेक्षा तळहात सपाट टेकेल अशी आडवी मूठ बरी.

रोलेटर म्हणजे चार चाकं, हातात ब्रेक आणि मधे बसायची जागा असलेली गाडी. पाऊल न थांबवता ढकलता येते, लय मोडत नाही, म्हणून वॉकरपेक्षा कितीतरी सरस. पण हिच्याही खोडी आहेत. पार्किन्सन्समध्ये शरीर पुढे झुकतं, तोल सावरायला पावलं लहान आणि भराभर पडू लागतात, आणि उतार लागला की गाडी पुढे, माणूस मागे अशी शर्यत सुरू होते. आमच्या कोल्हापुरात पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एकट्याने ती नेऊच नये. सायकलसारखा दाबायचा ब्रेक ऐनवेळी उपयोगी पडेल याची खात्री नाही, कारण बोटंही मंदावलेली असतात. उलट ब्रेकचे रोलेटर मिळतात : मूठ दाबली तरच चाकं फिरतात, सोडली की गाडी जागच्या जागी उभी. महाग असतात आणि बहुधा मागवावे लागतात, पण भराभर पावलं टाकत पुढे तोल जाणाऱ्यासाठी तोच प्रकार घ्यावा.

विकत घेण्याआधी टेप घेऊन घरातली दारं मोजा. नेहमीच्या रोलेटरची बाहेरून बाहेर रुंदी साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर असते. मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत जुन्या घराच्या आतल्या दाराला चौकटीतून चौकटीत दोन-सव्वादोन फूट मिळाले तर नशीब, न्हाणीच्या दाराला तेवढेही नाहीत. त्यात उंबरा. चाक उंबऱ्याला धडकून थांबतं आणि माणूस वरून पुढे जातो. अशा घरात रोलेटर सोप्यापुरता आणि बाहेरच्यापुरता ठेवा, आत भिंतीला पकडदांड्या बसवा. बाहेरसाठी चाक ८ इंची हवं, लहान चाकं रस्त्याच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत रुततात. पिशवी मुठीला अडकवायची नाही, गाडी कलंडते. सामान खालच्या टोपलीत ठेवा. बसताना दोन्ही ब्रेक लॉक करून, उलटं सरकत, पोटऱ्या बैठकीला टेकल्यावरच बसायचं. हे चार वेळा करून घेतल्याशिवाय बैठक वापरू देऊ नका.

यापुढची साधनं जास्त कामाची आहेत आणि त्यातली काही जवळपास फुकट आहेत. लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या तर अडखळणारा रुग्ण त्या ओलांडत मोकळी पावलं टाकतो. चालण्याच्या दिशेने आखलेल्या रेघांचा तसा उपयोग होत नाही. याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं : डोळ्यांसमोर ओलांडायला काही असलं की हालचाल सवयीच्या बिघडलेल्या वाटेने न जाता, नजरेवर चालणाऱ्या दुसऱ्या वाटेने जाते. सपाट सोप्यात अडून बसणारे आजोबा माडीचा जिना सरळ चढतात, ते ढोंग नव्हे. प्रत्येक पायरी त्यांना खूण देत असते.

त्यामुळे रंगीत चिकटपट्टीला आमच्याकडून पैकीच्या पैकी गुण. फरशीच्या विरुद्ध रंगाची, दीड-दोन इंच रुंदीची पट्टी घ्या. दीड-दोन फूट लांबीचे तुकडे चालण्याच्या दिशेला आडवे लावा, दोन पट्ट्यांत साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर. उंच माणसाला थोडं जास्त, पण त्याला ओढून-ताणून गाठावं लागेल इतकं नको. दाराच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. वळणावर पंख्याच्या पात्यांसारख्या, आतल्या बाजूला जवळ आणि बाहेरच्या बाजूला लांब. घरभर लावू नका. जिथे पाय अडतात तिथेच लावा, नाही तर नजर त्यांना सरावते. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर पट्टी नीट धरत नाही, पावसाळ्यात ओल आली की कडा उचलतात आणि त्यातच बोट अडकतं. तिथे ऑइलपेंटने रेघा मारा. नक्षीच्या टाइल्स असतील तर रेघ नक्षीत हरवते, मग गडद एकरंगी रुंद पट्टा लागतो.

लेझर काठी हीच युक्ती सोबत घेऊन फिरते. काठी टेकली की पायापुढे लाल किंवा हिरवी आडवी रेघ पडते आणि ती ओलांडायची. संध्याकाळी आणि घरात छान. भर उन्हात रंकाळा तलावाच्या काठावर रेघ दिसतच नाही, हिरवी लालपेक्षा जरा बरी एवढंच. ओल्या चकचकीत फरशीवरही ती विस्कटते. दोन गोष्टी दुकानातच तपासा : रेघ पायापासून किती पुढे पडते (पुढच्या पावलाच्या अंतरावर हवी) आणि टेकण्याचं बटण घट्ट तर नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी घरी चिकटपट्टीच्या पाच-सहा रेघा मारून चालवून पाहा. त्यावर पाऊल सुधारलं नाही तर लेझरवरही सुधारणार नाही, काही हजार वाचले. ज्यांचं फ्रीझिंग मुळात नाही त्यांना ही काठी नको.

मोबाइलवरचं मेट्रोनोम ॲप (ठरावीक तालात टिकटिक करणारं, त्या तालावर पाऊल टाकायचं) फुकट आहे. आधी चालणाऱ्याची एका मिनिटातली पावलं मोजा आणि टिकटिक तेवढीच किंवा फ्रीझिंग असेल तर किंचित कमी लावा. उत्साहाने वेग वाढवला की पावलं लहान होऊन पळत सुटतात.

आता पायातलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्याबद्दल वाकडं बोलणं इथे सोपं नाही, तरी पार्किन्सन्ससाठी ती चालत नाही हे सांगावं लागेल. मागे पट्टा नाही. त्यामुळे चप्पल पायात धरून ठेवण्याचं काम अंगठा आणि बोटं करतात. आपण ते नकळत करतो, आणि हेच नकळत काम या आजारात बंद पडतं. चप्पल सुटते, मागे राहते, माणूस ती शोधायला खाली बघतो आणि पाय अडतात. कातडी तळ कोरड्या दगडावर ठीक, ओल्या फरशीवर सटकतो. काहींना पहाटे, रात्रीच्या गोळीचा असर संपलेला असताना, पायाची बोटं आत वळून घट्ट आवळली जातात. अशा वेळी अंगठ्याची पट्टी रुतते. करकर वाजणारी कोल्हापुरी तालासाठी बरी, असं कुणी चेष्टेत म्हणेल, म्हणू द्या.

उलट टोकाचे रबरी जाड तळाचे स्पोर्ट्स शूजही सरसकट चांगले नाहीत. पाय घसटत असेल तर फार पकडणारा रबर चवड्याशी जमिनीला धरतो आणि माणूस तोंडावर पडतो. हलका, टाच बंद असलेला, वेल्क्रोचा, पातळ आणि घट्ट तळाचा, पुढचं टोक किंचित वर वळलेला बूट घ्या. कोल्हापुरीच हवी असा हट्ट असेल तर चप्पल लाइनमध्ये मापाची सँडल बनवून घेताना मागे वेल्क्रोचा पट्टा आणि टाचेखाली रबर मागा. लग्नकार्यात दोन तास बसण्यापुरती ती पुरते.

थरथरणाऱ्या हातांसाठी मिळणाऱ्या जड चमच्यांबद्दल थोडक्यात. पार्किन्सन्सची थरथर मुख्यतः हात स्वस्थ असताना येते, सेकंदाला ४ ते ६ झटके, आणि हात कामाला लागला की बहुतेकांची कमी होते. घास सांडतो तो अनेकदा मंदपणाने आणि ताठरपणाने, त्यात जड चमचा हात आणखी दमवतो. जाड मुठीचा हलका चमचा आणि काठ असलेली थाळी आधी वापरून बघा.

कुठलंही साधन पारखताना गोळीची वेळ लिहून ठेवा. लेव्होडोपाची (मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या, या आजारावरच्या मुख्य औषधाची) गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात पाय मोकळे होतात, काही तासांनी असर उतरतो. साधन दोन्ही वेळी तपासायचं. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना प्रथिनांतल्या अमिनो आम्लांशी त्याच वाटेसाठी झगडते. रविवारी मटणाच्या ताटासोबत गोळी घेतली की ती उशिरा लागते किंवा लागल्यासारखी वाटतच नाही, आणि दुपारी आणलेली नवी काठी "बेकार" ठरते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायची, तांबडा-पांढरा रस्सा सोडायची गरज नाही. मळमळ होत असेल किंवा वेळा बदलायच्या असतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारून. उठल्या-उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब बसून आणि उभं राहून मोजून घ्या. त्या पडण्यावर कुठल्याच काठीचा इलाज नाही.

पैशांचं म्हणाल तर ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा ३,००० रुपये मिळतात. त्यात चिकटपट्टी, न्हाणीत दोन पकडदांड्या, साधी काठी आणि धड बूट बसतात, चांगला रोलेटर बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणि काठी कुठलीही घ्या, खालचं रबर महिन्यातून एकदा उलटं करून बघा. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की बदला. रबर १६, १९, २२ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांत येतं, जुनं काढून सोबत न्या. सैल बसलेलं रबर पावसात निसटतं आणि नळी थेट फरशीवर येते.