नागपूरचा पगार की तालुक्याचा दवाखाना? विदर्भात राहायचं ठरवणाऱ्या डॉक्टरांसाठी

ग्रामीण विदर्भात पैसा कमी आणि सुख जास्त, असं समजून गावाकडे येणारे डॉक्टर दोन्ही बाजूंनी फसतात. पुसद, वणी, वरूड, परतवाडा, ब्रह्मपुरी अशा गावांत जम बसलेला फिजिशियन नागपूरच्या पगारी कन्सल्टंटपेक्षा जास्त कमावू शकतो. मात्र त्याची रात्र त्याच्या हातात नसते. म्हणून पगाराच्या आकड्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: तुम्ही आजारी पडलात किंवा चार दिवस बाहेरगावी गेलात, तर तुमचे रुग्ण कोण बघणार? या प्रश्नाला एका माणसाचं नाव उत्तर म्हणून येत नसेल, तर बाकीची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

आधी पैसा

खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून हाच हिशेब मांडावा. एमडी मेडिसिन, तालुक्यात २० खाटा. ओपीडी रोज ४५, फी २०० रुपये, महिन्याचे २६ दिवस: २,३४,००० रुपये. सरासरी ६ खाटा भरलेल्या, दिवसाला १,५०० रुपये: २,७०,००० रुपये.

| महिन्याला, रुपये | नागपूर, पगारी | तालुका, स्वतःची इमारत | तालुका, भाड्याची जागा |
|---|---|---|---|
| जमा | ३,००,००० | ५,०४,००० | ५,०४,००० |
| कर्मचारी | – | १,४०,००० | १,४०,००० |
| वीज, डिझेल | – | ३५,००० | ३५,००० |
| औषधं, साहित्य | – | ६०,००० | ६०,००० |
| देखभाल, कचरा, नोंदणी | – | २०,००० | २०,००० |
| कर्जाचा हप्ता | – | १,०५,७०० | ३१,९०० |
| जागेचं भाडं | – | – | ३०,००० |
| करापूर्वी हाती | ३,००,००० | १,४३,३०० | १,८७,१०० |

स्वतःच्या इमारतीसाठी ८० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी धरलं आहे. भाड्याच्या जागेत फक्त यंत्रसामग्रीचे १५ लाख, ५ वर्षांसाठी. पहिल्याच वर्षी इमारत बांधणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. हप्ता सुरू झाला की डॉक्टरला सुट्टी घेणं परवडत नाही आणि गाव मानवलं नाही तरी सोडता येत नाही. पहिली तीन वर्षं भाड्यानेच काढावीत.

पारडं फिरतं ते ओपीडीवर. रोज ४५ चे ७५ रुग्ण झाले की महिन्याला १,५६,००० रुपये वाढतात आणि खर्च जवळपास तेवढाच राहतो. भाड्याच्या जागेतला डॉक्टर तेव्हा नागपूरच्या पुढे जातो. शिवाय नागपुरात फ्लॅटचा हप्ता किंवा भाडं त्या तीन लाखांतूनच जातं. तालुक्यात बहुतेक जण दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतात.

कराचंही बघून ठेवा. कॉर्पोरेट हॉस्पिटल कन्सल्टंटला सहसा फी देतं आणि १० टक्के टीडीएस कापतं; कागदोपत्री तुम्ही नोकर नसता, म्हणजे पीएफ नाही, भरपगारी रजाही नाही. स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची मुभा आहे (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ७५ लाख). पण खर्च निम्म्याहून जास्त असणाऱ्या इनडोअर हॉस्पिटलला ही पद्धत तोट्याची. तिथे हिशेबाच्या वह्या ठेवलेल्याच बऱ्या.

पावसाळ्यात रुग्ण वाढतात, पैसा आटतो

शहरात शिकलेल्याला हे कुणी सांगत नाही. जून ते सप्टेंबर म्हणजे मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस, अतिसार, साप आणि फवारणीची विषबाधा. खाटा भरलेल्या असतात. पण शेतकऱ्याचा पैसा तेव्हा बियाणं-खतात गेलेला असतो. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापसाचा चुकारा दिवाळीनंतर हातात येतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. पूर्व विदर्भात हाच खेळ धानावर चालतो. पोळ्याच्या सुमाराला "दिवाळीले देतो डॉक्टरसाहेब" हे वाक्य रोज ऐकायला मिळतं, आणि बहुतेक लोक खरंच आणून देतात. पण बँकेचा हप्ता दिवाळीपर्यंत थांबत नाही. वरच्या हिशेबात एक चतुर्थांश रक्कम उधारीत अडकली, तर इमारतवाल्याच्या हाती महिन्याला १७,३०० रुपये उरतात. म्हणून सुरुवातीलाच चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून उतरावं.

रात्र कुणाची?

एक रात्र नीट डोळ्यांसमोर आणा. अडीच वाजता जमिनीवर झोपलेल्या पंचविशीतल्या बाईला घेऊन येतात. चावल्याची खूण नाही, सूज नाही. पोट दुखतंय आणि पापण्या जड झाल्यात. मण्यार. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरचं औषध) १० व्हायल सुरू केल्या तरी श्वास थकत जातो. नळी घातली, नर्स हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबतेय. व्हेंटिलेटर जिल्ह्याला, ७० किलोमीटरवर. १०८ आली. आता सोबत कोण जाणार? तुम्ही गेलात तर वरच्या वॉर्डातले सहा रुग्ण चार तास डॉक्टरविना. नाही गेलात तर वाटेत नळी निसटली की ती बाई गेली.

या पेचाला एकच उत्तर आहे: दुसरा डॉक्टर. फिजिशियनला आयसीयू सांभाळणारा सहकारी हवा. स्त्रीरोगतज्ज्ञाला अर्ध्या तासात पोहोचणारा भूलतज्ज्ञ आणि तासाभराच्या आत रक्त. सिझेरियननंतर बाईचा रक्तस्राव सुरू झाला, तर रक्तपेढीचं अंतर हाच तिच्या जिवाचा हिशेब असतो. गाव बघताना तिथल्या भूलतज्ज्ञाला आधी भेटा. तो किती गावं करतो आणि रात्री येतो का, हे त्यालाच विचारा. एकट्याने उघडलेलं हॉस्पिटल कितीही चाललं तरी डॉक्टर काही वर्षांत थकतो. दोघा-तिघांनी मिळून उघडलेलं, रात्री वाटून घेतलेलं हॉस्पिटल कमी पैशातही टिकतं. भागीदारीचा करार मात्र आधी लिहून घ्या: रात्री कशा वाटायच्या, रजा किती, बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याची किंमत कशी ठरवायची.

नागपुरात रात्र निवासी डॉक्टर बघतात आणि तुम्हाला फोन येतो. हा मोठा आराम आहे, त्याला कमी लेखू नये. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: दोन राउंड, रविवारीही एक, प्रवास, आणि किती रुग्ण भरती केले यावर व्यवस्थापनाचा डोळा. हे शेवटचं ज्याला सहन होत नाही, त्याने जास्तीच्या पगारासाठी तिथे थांबू नये.

सरकारी नोकरी आणि संस्था

वैद्यकीय अधिकारी गट-अ चं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५६,१०० पासून, त्यावर भत्ते. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणीचा (एक पायरी वरच्या पदाच्या वेतनाचा) लाभ मिळतो. सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. केंद्राला दोन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. दुसरं पद प्रत्यक्ष भरलेलं आहे का, हे रुजू होण्याआधीच विचारा, कारण तुमचं आयुष्य त्यावर ठरतं. क्वार्टर आत जाऊन बघा: छत गळतं का, पाणी कुठून येतं. ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या सेवेचा पीजी प्रवेशात फायदा होतो, आणि एमबीबीएस डॉक्टरला ही नोकरी पटण्याचं ते सर्वांत ठोस कारण आहे. सरकारी महाविद्यालयातून झालेल्यांनी एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेचा पसंतीक्रम भरताना, पुढे जिथे राहावंसं वाटतं तोच तालुका वर टाकावा. फुकटात चाचणी होते.

गडचिरोलीतलं शोधग्राम आणि हेमलकसा, मेळघाटातलं उतावली इथल्या सेवाभावी संस्थांचा रस्ता वेगळा. बाजारभावाइतका पैसा मिळत नाही, पण कर्ज नाही, राहायची सोय आहे आणि शेजारी अनुभवी डॉक्टर आहे. दोन वर्षं शिकायला जायचं असेल तर याहून चांगली जागा नाही.

घर, शाळा, जोडीदार

डॉक्टर गाव सोडतात ते पैशासाठी कमी आणि मूल पाचवी-सहावीत आल्यावर जास्त. जवाहर नवोदय विद्यालय सहावीपासून आहे, पण प्रवेश परीक्षेतून. तेव्हा तालुक्यात आत्ता बरी शाळा नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी घर आणि ४० किलोमीटरच्या आत दवाखाना, हा मधला मार्ग आधीच धरावा. रोजचा ८० किलोमीटर प्रवास जमतो. १५० नाही जमत. समृद्धी महामार्गामुळे वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाण्यातल्या इंटरचेंजजवळच्या गावांचा हिशेब बदलला आहे. भामरागड किंवा धारणीचा नाही.

जोडीदारही डॉक्टर असेल, आणि त्यातही स्त्रीरोगतज्ज्ञ-बालरोगतज्ज्ञ अशी जोडी असेल, तर तालुका नागपूरपेक्षा सरस ठरतो. जोडीदाराचं काम आयटीचं किंवा बँकेचं असेल, तर त्याच्या बुडणाऱ्या पगाराची रक्कम वरच्या तक्त्यात खर्च म्हणून लिहा.

नोंदण्यांचं काम डॉक्टरालाच करावं लागतं: नर्सिंग होम नोंदणी (दर तीन वर्षांनी नूतनीकरण), जैववैद्यकीय कचरा, फायर, एक्स-रे असेल तर एईआरबी (किरणोत्सर्गावर देखरेख ठेवणारं मंडळ). सगळ्यांत जपायचं ते सोनोग्राफीचं. प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म (गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याखालची नोंद) त्याच वेळी भरा, मासिक अहवाल ५ तारखेच्या आत पाठवा. संध्याकाळी एकदम भरू म्हणून ठेवलेल्या फॉर्ममधली एक रिकामी जागा मशीनला सील लागायला पुरेशी होते.

गाव पसंत करायला जानेवारीत जाऊ नका. तेव्हा हवा छान असते आणि लोकांच्या हातात पैसा असतो. ऑगस्टमध्ये जाऊन सलग चार रात्री राहा. वीज किती वेळ जाते, जिल्ह्याचा रस्ता पुराने कुठे तुटतो, रात्री अकरानंतर कुठल्या डॉक्टरचं दार उघडतं, हे वहीत टिपा. मग मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, जोडीदाराला घेऊन आणखी दोन दिवस.