म्हापशातली आमची जिम आणि माझा एक पुल-अप

एप्रिलमध्ये नाव घातलं तेव्हा वय 43, वजन 68. ट्रेनरने वही पुढे सरकवली, काय पाहिजे ते लिहा म्हणाला. मी शिक्षिका, सुटसुटीत तीन मुद्दे मांडले: आठ किलो कमी, दहा किलोमीटर धावणं, एक पुल-अप, म्हणजे बारला लटकून हातांच्या जोरावर हनुवटी बारच्या वर नेणं. त्याने वाचलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं. "मॅडम, हातूंतलें एकूच धरात."

राग आला. सहा महिन्यांचे सात हजार भरलेत, एकच कशाला? पण त्याचं गणित साधं होतं. वजन उतरवायचं तर पोटाला चिमटा, ताकद वाढवायची तर पोटभर जेवण आणि झोप. त्यात धावून पाय गळाले की बारला लटकायला येणार कोण? "अहो, पण वजन उतरलं की पुल-अप सोपा होईल ना?" मी वाद घातला. होईल, म्हणाला, पण उपाशी राहून हात बळकट होत नाहीत. मग मी पुल-अप धरला. बारावीच्या मुलांसमोर कधीतरी मारून दाखवायचा, हे खरं कारण. ते वहीत लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी बारला नुसती लटकले ती 11 सेकंद. दीड महिन्याने 40. मग स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. दंडांपेक्षा पाठ जास्त दुखते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर वर जायला आधार म्हणून जाड रबरी पट्टा, मग बारीक. आठवड्याला तीनच दिवस. उरलेल्या दिवशी चाला, पण धावू नका, अशी तंबी. चालायलाही त्याने घड्याळ लावलं होतं, ते मात्र मला जाचक वाटलं.

जेवणात किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाला जवळजवळ 109 ग्रॅम. बांगडे असेपर्यंत निभावलं. श्रावणात आमच्याकडे नुस्तें, म्हणजे मासे, बंद, तेव्हा मूग, चवळी, पनीर, दही करताना नाकी नऊ आले. चवथीला जिम पाच दिवस बंद आणि घरात डबाभर नेवऱ्या. त्याबद्दल ट्रेनरला काही सांगितलेलं नाही.

आता जिमबद्दल. जागा पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. पावसात खिडकीशी पाणी गळतं, तिथे बादली ठेवतात आणि ती कुणीतरी लाथाडतंच. बायकांच्या खोलीतल्या दोन लॉकरांच्या चाव्या मी कधी पाहिल्याच नाहीत. गाणी कर्कश, सांगितलं की दहा मिनिटं कमी करतात. वजनं मात्र नीट जागेवर असतात, आणि ट्रेनर वही रोज उघडतो.

सप्टेंबरच्या शेवटी एका मंगळवारी हनुवटी बारवर गेली. एकदाच. दुसऱ्यांदा अर्ध्यात लोंबकळले. वजन 67.4, म्हणजे वजनकाट्याला विचाराल तर काहीच झालेलं नाही. नवऱ्यानेही तेच विचारलं. आता वहीचं नवं पान दहा किलोमीटरचं आहे आणि पुल-अप आठवड्यातून एकदा, विसरू नये म्हणून.

जाणार असाल तर शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या आत जा. शुक्रवारचा बाजार भरला की स्कूटरसुद्धा लावायला जागा मिळत नाही.