मोगूबाई-किशोरीताईंचा जुना फोटो: मूळ प्रिंट की नवी प्रत?

गायिका मोगूबाई कुर्डीकर छोट्या किशोरीसोबत (म्हणजे पुढच्या गायिका किशोरी आमोणकर), किंवा गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर मुलाबाळांत: असा जुना कौटुंबिक फोटो घरात हवा असेल, तर त्या काळची मूळ प्रिंट घ्यावी की स्कॅनवरून काढलेली नवी प्रत?

मूळ प्रिंटमध्ये चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात. जुनी झाल्यावर तिरकी धरली की काळ्या भागांवर अनेकदा निळसर रुपेरी झाक दिसते. मागे कधी स्टुडिओचा शिक्का, कधी कुणाचं हस्ताक्षर. हा ऐवज नव्या प्रतीत येत नाही. फसवणूकही इथेच होते. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं फोटोपेपरात साधारण १९५० नंतर आली. तेव्हा १९३०च्या दशकातली म्हणून दाखवलेली प्रिंट अतिनील दिव्याखाली निळी चमकली, तर सरळ परत करा. (पिवळे डाग काय, चहानेही पाडता येतात.)

पण गोव्याचा पावसाळा जिलेटिनचा वैरी. बुरशी धरते, फोटो काचेला चिकटतो. पिगमेंट शाईची (बारीक रंगकणांच्या शाईची) नवी प्रत हवी तेवढी मोठी करता येते, बिघडली तर पुन्हा काढता येते. फोंड्याच्या घरात भिंतीवर मी तीच लावेन. मूळ प्रिंट मिळालीच, तर ती आम्लमुक्त पाकिटात, कोरड्या कपाटात.