आधी कोणती तपासणी करावी, अध्ययन अक्षमतेची की स्वमग्नतेची?

"अडचण असती तर तू विद्यापीठापर्यंत पोहोचलाच नसतास." तपासणीचा विचार बोलून दाखवला की हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ते साफ चुकीचं आहे. २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदान-नियमावलीत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण) आणि स्वमग्नता (ऑटिझम, म्हणजे संवाद, सामाजिक व्यवहार आणि बदल यांत जन्मापासूनचं वेगळेपण) या दोन्हींच्या निकषांत जवळजवळ एकच गोष्ट लिहिली आहे: सुरुवात लहानपणी होते, पण समोरची अपेक्षा कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पुरती दिसेलच असं नाही. शाळेत पाठांतराने आणि घरच्यांच्या मदतीने निभावलेलं असतं. विद्यापीठात आठवड्याला शेकडो पानं वाचायची, गटात प्रकल्प करायचा, वेळापत्रक स्वतः सांभाळायचं, आणि तिथे गाडी अडते.

ती कुठे अडते, यावरून निवड करावी.

अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत मोजमाप असतं. दोन-तीन तास मानसशास्त्रज्ञांसमोर बसून चाचण्या द्यायच्या. बुद्धिमापनासाठी बहुधा वेक्स्लर यांची प्रौढांची चाचणी वापरतात. तिची चौथी आवृत्ती १६ ते ९० वर्षांच्या व्यक्तींसाठी आहे. शिवाय वाचनाचा वेग, शुद्धलेखन, लेखन, गणित, आणि अर्थ नसलेले शब्द मोठ्याने वाचणं. हे शब्द मुद्दाम बनवलेले असतात, कारण ओळखीचा शब्द चेहऱ्यासारखा आठवतो. अनोळखी शब्द मात्र अक्षरं जुळवूनच वाचावा लागतो, आणि डिस्लेक्सिया (वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमता) असलेला हुशार विद्यार्थी इथे अडखळतो. सरासरी १०० धरून गुण दिले जातात. शाब्दिक आकलन १२० आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग ८५ असे आकडे आले, तर 'समजतं सगळं, पण पेपर पुरा होत नाही' या तक्रारीला पहिल्यांदा कागदावर आधार मिळतो.

एक सावधगिरी. शिक्षणाची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल, तर संथ वाचन हे अक्षमतेचंच लक्षण असतं असं नाही. शिकण्याच्या भाषेवर पुरेसं प्रभुत्व नसणं हे कारण निदान करताना वगळावं लागतं. तपासणाऱ्याला तुमच्या भाषांचा इतिहास आधीच सांगा.

स्वमग्नतेच्या निदानाचा बाज पूर्ण वेगळा. इथे बरोबर-चूक उत्तरं नसतात. एडॉस-२ या निरीक्षण पद्धतीत अस्खलित बोलणाऱ्या प्रौढांसाठी चौथा भाग असतो. पाऊण तास, तासभर गप्पा आणि छोट्या कृती चालतात, आणि तज्ज्ञ संवादाची ढब पाहतात. खरा पाया मात्र बालपणाच्या माहितीचा. एडीआय-आर ही पालकांची मुलाखत ९३ प्रश्नांची आहे आणि तिला दोन तासही लागू शकतात. अनेकांची अडचण इथेच होते, कारण घरी अजून काही सांगितलेलं नसतं, किंवा आईवडील "आमच्या मुलात काही कमी नाही" म्हणून सगळं नाकारतात. अशा वेळी मोठी बहीण, मावशी, शाळेच्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे उपयोगी पडतात. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं इतरांचं पाहून हसणं-बोलणं शिकलेल्यांची लक्षणं तासाभराच्या भेटीत झाकली जातात. मुलींच्या बाबतीत हे फार होतं. म्हणून एरवी लोकांमध्ये वावरून घरी आल्यावर किती थकायला होतं, तेही आवर्जून सांगा.

इंटरनेटवर भरता येणारी ५० विधानांची, स्वमग्नतेची लक्षणं तपासणारी एक्यू प्रश्नावली ही फक्त चाळणी आहे. ३२ गुण आले म्हणजे निदान झालं असं नव्हे, आणि कमी आले म्हणून दार बंद झालं असंही नव्हे.

हाती काय येतं? पहिल्या अहवालातले आकडे बहुधा थेट वाढीव वेळ, लेखनिक, मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अशा सवलतींपर्यंत पोहोचतात. दुसऱ्यातून वेगळी मदत निघते: शांत खोलीत परीक्षा, लेखी सूचना, वेळापत्रकातल्या बदलाची आगाऊ कल्पना. आणि 'मी उद्धट नाही, आळशी नाही' हे उमगण्याचा दिलासा. तो मला सवलतींइतकाच मोलाचा वाटतो.

माझं मत स्पष्ट आहे. एकट्याने, शांत खोलीतही पुस्तक पुढे सरकत नसेल तर पहिली तपासणी. अभ्यास जमतो पण गोंगाट, गटकाम आणि अचानक बदललेला तास यांनी दिवस कोलमडत असेल तर दुसरी, आणि तिथे 'आधी सोपी ती उरकू' म्हणून पहिलीवर वेळ घालवू नका. दोन्ही प्रकारचा त्रास असेल आणि परीक्षा तोंडावर असेल तर मात्र अध्ययनाची आधी, कारण तिचा अहवाल सहसा लवकर हाती येतो. दोन्ही निदानं एकाच व्यक्तीत असू शकतात. एक मिळालं म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवायचं कारण नाही.

पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या साहाय्य कक्षाला विचारून घ्या: अहवाल कोणत्या पात्रतेच्या तज्ज्ञाचा चालतो, आणि किती जुना चालतो. डोळे आणि कान मात्र कोणत्याही तपासणीआधी दाखवून या. चष्म्याचा नंबर बदललेला असेल तर वाचनाचे गुण फसवे येतात.