दादरचं रेटिना क्लिनिक : चौदा इंजेक्शनांनंतरचा अभिप्राय

पाचपैकी साडेतीन तारे. मोबाइलवर अर्धा तारा देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. क्लिनिकचं नाव घालत नाही. डॉक्टरबाईंवर माझा राग नाही, जो आहे तो काउंटरवर आहे, आणि नाव घातलं की दोघींनाही चिकटतो. दादर पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावर कळेल.

मी तेहतीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, 'घ'च्या जागी पडलेला 'ध', सगळं डोळ्याला आपोआप टोचायचं. निवृत्त झाले तरी सकाळचा पेपर पेन हातात घेऊनच वाचते. तर २०२३च्या डिसेंबरात कढीला फोडणी देताना मोहरी उडाली आणि उजव्या डोळ्याच्या कडेला बसली. पदराने तो डोळा दाबून खुर्चीत टेकले. डावा डोळा समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गेला, तर तारखांचे चौकोन मधेच आत ओढल्यासारखे. पेपर उचलला. मथळ्याची शिरोरेषा मधोमध झोल खाल्लेली, ओल्या साड्यांनी वाकलेल्या दोरीसारखी, आणि झोल जिथे सगळ्यात खोल तिथलं अक्षरच नाही. नुसता धुरकट डाग. आधी मी छपाईला शिव्या घातल्या. सवयच ती. मग कालचा पेपर काढला, तिथेही तेच. उजवा डोळा उघडला की सगळं सरळ.

म्हणजे हे किती महिने चालू होतं देव जाणे. चांगला डोळा वाईट डोळ्याची झाकपाक करत असतो, घरातल्या थोरल्या सुनेसारखा. एकेक डोळा झाकून बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही.

गल्लीतल्या चष्मेवाल्याने नंबर वाढला म्हणून नवीन चष्मा गळ्यात घातला. झोल तसाच, फक्त जरा मोठा दिसायला लागला. तीन आठवडे त्यात गेले. मग आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुलीत थेंब घालून आत पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू राहू दे बाजूला, बाई. डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, पाणी आहे. याच आठवड्यात रेटिनावाल्याकडे जा." अशी मी इथे आले.

आजाराचं नाव लांबलचक आहे. वयामुळे होणारी मॅक्युलाची झीज, त्यातला ओला प्रकार. मॅक्युला म्हणजे पडद्याचा अगदी मधला ठिपका. वाचायला, सुईत दोरा ओवायला, समोरच्याचं तोंड ओळखायला तोच लागतो. त्याच्याखाली नको त्या नवीन रक्तवाहिन्या फुटतात, त्या कच्च्या असतात, झिरपतात, आणि पडदा वर उचलला जातो. सुका प्रकार जास्त लोकांना होतो आणि सावकाश चालतो. ओला कमी जणांना होतो, पण घाई करतो.

आता क्लिनिक. पहिलं कौतुक ओसीटी मशीनचं आणि ते चालवणाऱ्या मुलाचं. हनुवटी टेकवायची, हिरव्या फुलीकडे बघायचं, संपलं. सुई नाही, रंग नाही, स्पर्श नाही. अल्ट्रासाउंडमध्ये आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात तसा यात उजेडाचा मोजतात. अमेरिकेत एमआयटीच्या मंडळींनी १९९१मध्ये हे पहिल्यांदा छापलं. त्याने पडद्याचा उभा छेद स्क्रीनवर दिसतो, थरावर थर. निरोगी डोळ्यात मधोमध छोटी वाटी असते. माझ्या डाव्या डोळ्यात वाटीच्या जागी टम्म फुगलेली पुरी होती, पोटात काळी पोकळी. ती पोकळी म्हणजे पाणी. जाडी ४१२ मायक्रॉन. डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून बोट ठेवून दाखवलं, उजव्या डोळ्याचं चित्र शेजारी लावलं. दोन प्रती शेजारी ठेवून फरक बघणं हा माझा धंदा, त्यामुळे मला एका मिनिटात समजलं. या एका गोष्टीसाठी दोन तारे.

इंजेक्शन. 'डोळ्यात सुई' ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून नीट सांगते. आधी बधिर करणारे थेंब, दोन-तीनदा. मग तपकिरी आयोडीन, पापणीवर आणि डोळ्याच्या आतही. चेहऱ्यावर कागद चिकटवतात, त्याला डोळ्यापुरतं भोक. मग पापण्या उघड्या ठेवणारी तारेची चिमटी; खरं सांगायचं तर सुईपेक्षा हीच नकोशी. "पायाकडे बघा," म्हणतात. सुई बुबुळात जात नाही, पांढऱ्या भागात जाते, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर. औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. मला कुणीतरी बोटाने डोळा दाबल्यासारखं वाटलं, आणि त्या म्हणाल्या, "झालं, काकू." मी विचारलं, कधी? घरी आल्यावर डोळ्यासमोर काळे गोल मणी तरंगत होते. हवेचे बुडबुडे, दुसऱ्या दिवशी गेले. रात्री मात्र आयोडीनमुळे डोळा असा चुरचुरतो की मिरच्या निवडल्या हाताने चोळला असावा. हे आधी सांगायला हवं होतं. पहिल्या रात्री मी घाबरून सुनेला उठवलं. चुरचुर सकाळपर्यंत ओसरते. दुखणं वाढत गेलं, डोळा लाल झाला, नजर कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी पळायचं, कारण आत जंतू गेले असले तर तासांचा हिशेब असतो. तसं फार क्वचित होतं.

कुठलं औषध घ्यायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर टाकतात. इथे डॉक्टरबाई खरंच सरळ वागल्या. बेव्हासिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध. त्याची मोठी कुपी असते, त्यातून डोळ्यासाठी छोट्या सिरिंज भरतात, म्हणून ते स्वस्त पडतं. डोळ्यासाठी कंपनीने ते कधी काढलंच नाही. पण २०११मध्ये अमेरिकेत सरकारी पैशाने त्याची तुलना महागड्या रॅनिबिझुमॅबशी केली आणि वर्षभरानंतर नजरेत दोन्ही सारखीच निघाली. प्रश्न फक्त ती सिरिंज कुठे आणि किती स्वच्छपणे भरली हा. तो विचारायचा, लाजायचं नाही. रॅनिबिझुमॅबचं देशी रूपही २०१५पासून मिळतं. त्याच्या वर अफ्लिबर्सेप्ट, आणि त्याहून नवं फॅरिसिमॅब, जे रक्तवाहिन्यांना फुटायला-झिरपायला लावणारे एकाऐवजी दोन संदेश अडवतं आणि ज्यांना मानवतं त्यांना चार-चार महिन्यांनी घेतलं तरी पुरतं. मी स्वस्तापासून सुरुवात केली. काही हजारांत काम झालं. तीन महिन्यांत तीन, आणि जाडी ४१२वरून २९०वर आली. तक्त्यावर ६/३६वरून ६/१२; खालचा आकडा जितका लहान, तितकी नजर चांगली. मथळ्याची दोरी ताणली गेली. पूर्ण सरळ नाही, पण साड्या उतरवल्यासारखी.

माझ्या आईला हेच झालं होतं असं आता वाटतं. सत्तरी ओलांडल्यावर म्हणायची, "तुझे कान दिसतात गं, तोंड दिसत नाही." आम्ही हसायचो. डॉक्टर म्हणाले वय झालं, आणि तेव्हा ते खोटं नव्हतं. रॅनिबिझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं २००६ला. आई त्याच्या नऊ वर्षं आधी गेली.

आता जिथे तारे गेले ते. मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही की हे संपत नाही. 'तीन इंजेक्शनांचा कोर्स' हा शब्द काउंटरवरच्या मुलीने वापरला, आणि माझ्यासारखी बाई कोर्स म्हटलं की संपणार असंच समजते. औषध त्या रक्तवाहिन्यांना दाबून ठेवतं, उपटून टाकत नाही. उतरलं की पुन्हा झिरपतं. चौथ्याच्या वेळी मेडिक्लेमवाल्यांनी तिसऱ्याचा दावा फेटाळला होता, चोवीस तास दाखल नव्हतात म्हणून. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू, तीन तर झालीत, असं मी ठरवलं. दहा आठवडे गेले. पुरी परत फुगली. नजर ६/१८. तक्त्यावरची ती एक ओळ परत मिळवायला पुढे पाच महिने लागले, तेही अफ्लिबर्सेप्टवर बदली करून.

मेडिक्लेमबद्दल एवढं लिहून ठेवा. विमा नियामकाने २०१९मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली, तिच्यात डोळ्यातलं हे इंजेक्शन स्पष्ट शब्दांत आहे. कंपनी रकमेवर मर्यादा घालू शकते, पण उपचारच बसत नाही असं म्हणून हात झटकता येत नाहीत. मी ती ओळ लाल पेनाने अधोरेखित करून अर्जाला जोडली. सात आठवड्यांनी पैसे आले, कापून. ही गोष्ट क्लिनिकने सांगायला हवी होती की नको? दिवसाला वीस-पंचवीस इंजेक्शनं देतात.

दुसरी तक्रार, टोकनचा बोर्ड. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या बाहुल्या थेंब घालून मोठ्या केलेल्या. जवळचं धूसर, उजेड टोचतो. अशा माणसांसाठी भिंतीवर लाल रंगात, बारीक, चमचमता, इंग्रजी आकड्यांचा बोर्ड! सगळे एकमेकांना विचारतात, "कितीवर आलंय?" आणि कुणालाच दिसत नाही. शेवटी सोबत आलेली एखादी धाकटी मुलगी ओरडून सांगते. साडेदहाची वेळ दिली की दोन वाजेपर्यंत सुटका नाही, हे धरून चला. एसी कडक आहे, शाल न्या. तिथे निम्म्याहून अधिक माणसं साखरेची असतात, त्यातले बरेच उशिरा आलेले. डायबेटिस असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा दाखवा, हे तिथल्या बाकावर बसून मी आता दुसऱ्यांना सांगत असते.

तिसरी, काउंटरवरच्या गोळ्या. जो येईल त्याला ल्युटीनच्या डब्या पुढे करतात. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा नुसता चष्म्याचा नंबर होता, त्यांनाही. अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासावरून या गोळ्या आल्या त्याचा दुसरा टप्पा २०१३मध्ये आला. या सगळ्या अभ्यासात फायदा दिसला तो झीज मध्यम झालेल्यांना, किंवा माझ्यासारख्या एक डोळा बिघडलेल्यांना दुसऱ्यासाठी. धडधाकट डोळ्याला आजार होऊ नये म्हणून नव्हे. मी घेते, माझ्या उजव्या डोळ्याकरिता. घेताना डबीवर बीटा-कॅरोटीन नाही ना, हे बघते. सिगारेट ओढणाऱ्यांना त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मी ओढत नाही, पण डबी घरात राहते आणि भाऊ ओढतो.

मराठी माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत 'द्रुष्टी' होतं. खाली अजून सहा चुका. तपासून, खुणा करून काउंटरवर दिलं. पुढच्या खेपेला नवीन छापून आलं होतं, गुळगुळीत कागदावर. 'दृष्टी' बरोबर, पण आता 'इंजक्शन'.

पुतण्याने ऑक्टोबरात बातमी पाठवली, डोळ्यात चिप बसवून अंध माणसं वाचायला लागली. डॉक्टरबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, बातमी खरी आहे, पण ती सुक्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी. दोन मिलिमीटर चौकोनी चिप, समोर कॅमेऱ्याचा चष्मा. युरोपात ३८ जणांना बसवली, वर्षाने ३२ जणांची तपासणी झाली, त्यातल्या २६ जणांची नजर लक्षात येण्याइतकी सुधारली. काळं-पांढरं दिसतं, आणि शिकायला महिने लागतात. मला हेवा वाटला नाही, कुतूहल वाटलं. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात. आपलं 'क्ष्म्य' त्या चिपला कसं झेपणार?

आता दर दहा आठवड्यांनी जाते. पाणी नसेल तर दोन आठवडे पुढे ताणतात, दिसलं तर मागे येतात. पूर्वी चर्नी रोडहून लोकल पकडायचे आणि परतताना बाहुल्या मोठ्या असल्याने दादरचा पूल उतरताना सुनेचा दंड धरायचे. आता गिरगावहून भुयारी मेट्रो आहे, आत उजेडही सौम्य. काळा चष्मा मात्र न्याच.

मागच्या खेपेला नजर तपासणाऱ्या मुलीला मी आधीच सांगितलं, हा तक्ता मला पाठ झालाय, दुसरा लाव. ती हसली, पण लावला. खालून तिसऱ्या ओळीपर्यंत आले. तिथे एक अक्षर होतं, त्याच्या माथ्यावरची रेघ तुटली होती की नव्हती, ते डाव्या डोळ्याला ठरवता येईना. 'घ' म्हणाले. ती म्हणाली, "'ध' आहे आजी, पण चालेल, बरोबर धरते."

मी म्हटलं, धरू नकोस. चूक म्हणून लिही.