मनाची नाडी कुठं बघायची: सर्चच्या आलेखात, हेल्पलाइनवर की फोन लावून?

पुढची साथ येईल तेव्हा गावातल्या माणसांच्या मनावर काय बेततंय हे वेळेत कळावं, म्हणून तुमचं आरोग्य पथक, ग्रामपंचायत किंवा तरुण मंडळ आत्तापासून तयारीला लागणार असेल, तर हे तुमच्यासाठी. 2021 मध्ये कोल्हापुरात कोरोनाची दुसरी लाट आणि जुलैचा महापूर एकमेकांवर आदळले, तेव्हा मी यादी घेऊन घरोघरी फोन लावत होतो. त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे ते लपणार नाही.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे गूगल ट्रेंड्स, म्हणजे लोक गूगलवर कुठला शब्द किती शोधतात त्याचा आलेख. पैसे नाहीत, परवानगी नाही, आलेख लगेच हातात. पण तो माणसं मोजत नाही. 0 ते 100 मध्ये फक्त चढउतार दाखवतो. सर्च थोडे असले की रेष शून्यालाच टेकते, मग गगनबावड्यासारख्या छोट्या तालुक्याचं चित्र त्यात उमटणार कसं? शिवाय आपल्याकडं कोण ‘डिप्रेशन’ टाइप करतंय? ‘जिवाला घोर लागलाय’, ‘छातीत धडधडतंय’, ‘झोप लागंना’ हीच भाषा. आणि साथीत छातीत धडधडतंय म्हणून शोधणारा माणूस ऑक्सिजनच्या भीतीनंही शोधत असतो. गूगलनेच 2008 मध्ये सर्चवरून फ्लूचा अंदाज सुरू केला होता. 2012-13 च्या हिवाळ्यात तो प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला आणि 2015 मध्ये बंद झाला. राज्याचा कल बघायला ट्रेंड्स ठीक आहे, तालुक्यासाठी नाही.

हेल्पलाइनच्या कॉलची आकडेवारी त्याहून भरवशाची, कारण फोन करणाऱ्याला खरोखर त्रास होत असतो. टेली मानस (14416) ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला नावं नकोत, दर आठवड्याचा जिल्ह्याचा आकडा पुरे. मात्र आकडा वाढला की त्रास वाढला, असं सरळ समजू नका. नंबरची जाहिरात झाली तरी वाढतो. आणि घसरला तर जास्त घाबरा. महापुरात टॉवर आणि वीज गेली की शिरोळकडून कॉल येणारच नाहीत, आणि आलेखात मात्र सगळं शांत दिसेल.

मोबाइलमधून झोप, हालचाल टिपणारी ॲप्स मी सोडूनच देतो. एक फोन चौघांत फिरणाऱ्या घरात ती कुणाची झोप मोजणार?

उरतं ते स्वतः फोन लावून विचारणं. पीएचक्यू-9 या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, गुण 0 ते 27. 10 किंवा जास्त आले की तज्ज्ञांकडे पाठवायचं. वेळ जातो, माणसं लागतात. पण इचलकरंजीतल्या एका घरचं सांगतो. यंत्रमाग बंद होते. वहिनींनी फोन घेतला, मागं टीव्ही, सासूबाईंचा आवाज. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, “सगळं बरं हाय.” गुण शून्य. संध्याकाळी त्याच नंबरवरून मिस्ड कॉल आला. मी लावला तर त्या गच्चीवर होत्या. “मगाशी बोलता येईना. तीन आठवडं झालं, डोळ्याला डोळा न्हाई बघा.” सकाळचा शून्य आकडा म्हणून नोंदला गेला असता तर त्या यादीतून कायमच्या गेल्या असत्या.

म्हणून माझं मत असं: हेल्पलाइनचा साप्ताहिक आकडा घ्या, तो कुठं बघायचं ते सांगेल, खरी ताकद फोनवर लावा. संमती आधी विचारा, नाव आणि उत्तरं वेगवेगळ्या वहीत ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 गोपनीयतेचा हक्क देतो आणि गावात बातमी फुटायला एक वाक्य पुरतं. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याला ‘हो’ आलं तर त्याच क्षणी फोन कुणाकडे द्यायचा आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात कोण घेऊन जाणार, हे ठरल्याशिवाय पहिला नंबर फिरवू नका. आणि सुरुवातीलाच विचारा, “आत्ता बोलता येईल का, की नंतर लावू?”